स्वीडनचा जमीनदारवाडा: चौक बंद की उघडा?

माळवद_४१३
आर्किटेक्चरच्या वर्गात तुलनेचा प्रकल्प आहे: सोलापूरकडचा माळवदी वाडा आणि स्वीडनमधलं 'हेरगोर्ड'. चारही बाजूंनी बंद चौक काढला, तर सर म्हणाले चूक. मग मांडणी कशी? छपराला दोन टप्पे का दिसतात? रंग लाल की पिवळा?

चुनखडी
सरांचं बरोबर आहे. आपल्याकडे घर चौकातून श्वास घेतं. तिथलं अंगण पाहुण्याला दाखवायचं. मुख्य घर मधोमध, पुढे दोन्हीकडे सुट्या बैठ्या इमारती, चौथी बाजू झाडांच्या रांगेतून येणाऱ्या वाटेला उघडी. आत सहा खोल्या: मधे पुढे प्रवेशदालन, मागे बागेकडे दिवाणखाना, दोन्ही बाजूंना दोन-दोन.

आधी काळ ठरवा, मग छप्पर. 17 व्या शतकातलं 'सेटेरीताक' म्हणजे खालचा उतार, मग बुटकी उभी भिंत, मग वरचा उतार. स्टॉकहोमचं रिद्दारहूसेत, म्हणजे सरदारांच्या सभेची इमारत, पाहा. ती उभी पट्टी विसरलात की मॅन्सार्ड होतं, म्हणजे खाली तीव्र आणि वर मंद अशा दोन उतारांचं छप्पर, आणि मॅन्सार्ड 18 व्या शतकात वास्तुविशारद कार्ल होर्लेमानच्या पिढीने रुळवलं. 'सेटेरी' म्हणजे सरदाराची करमुक्त जमीन, त्यावरून हे नाव. 1680 मध्ये राजा अकराव्या कार्लने अशा बऱ्याच जमिनी परत घेतल्या.

रंधा
लाल रंग विटांचा आव आणायला. 18 व्या शतकाच्या उत्तरार्धात दगडाचा आव आणायला फिकट पिवळा. रंगाखाली भिंत बहुतेकदा लाकडी ओंडक्यांचीच!

लाल रंग स्वीडनमधल्या फालून गावच्या तांब्याच्या खाणीतल्या मातीचा. 5 लिटर उकळत्या पाण्यात 200 ग्रॅम हिराकस विरघळवा. 250 ग्रॅम राय या धान्याचं पीठ आधी थंड पाण्यात कालवून घाला, नाहीतर गुठळ्या होतात. 15 मिनिटं उकळून 800 ग्रॅम रंग घाला, पुन्हा 15 मिनिटं. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीवर तो धरत नाही, मॉडेलसाठी खरखरीत लाकूड घ्या. प्लास्टरवर लावूच नका.

धुराडं
शेगड्या विसरू नका. 1767 मध्ये क्रोनस्टेड आणि व्रेडे यांनी सरपण वाचवायला फरश्यांनी मढवलेली, खोली तापवायची उंच शेगडी सुधारली: धूर वर जातो, बाजूच्या नळ्यांतून खाली येतो, पुन्हा वर. त्यामुळे विटा तापून राहतात. शेजारच्या खोल्यांच्या शेगड्या मधल्या भिंतींना पाठ लावून ठेवा, म्हणजे छपरावर दोनच धुराडी समोरासमोर येतील. प्रत्येक खोलीला वेगळं धुराडं काढलं की सगळी सममिती बिघडते.