सावेदादांची 'कुस्ती' कुठे बघायला मिळेल?

गिरगावकर_७१: आमच्या वाचनालयात जुन्या मुंबईवर छोटं प्रदर्शन आहे. सावेदादांवर, म्हणजे ज्यांना पहिले भारतीय चित्रपटकार म्हणतात त्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांवर, एक फलक करतोय. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती त्यांनी चित्रित केली, एवढं सापडलं. यूट्यूबवर एक क्लिप आहे, पण त्यातले पैलवान काही आपल्याकडचे वाटेनात. खरी कुठे मिळेल?

जुना_निगेटिव्ह: मिळणार नाही. सावेदादांचं काहीच उरलेलं नाही. नायट्रेट फिल्म ती! पेटली की पाण्यातही विझत नाही, आणि नुसती डब्यात पडून राहिली तरी चिकट होऊन शेवटी भुगा.

मी १६ एमएम फिल्मवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून सुचवतो. 'पहिले, पहिले' लिहिण्यापेक्षा कुस्तीच का घेतली असेल ते दाखवा. तेव्हा फिल्मचा तुकडा साधारण ५० ते ७५ फुटांचा. हँडल सेकंदाला दोनदा फिरवायचं, एका फेऱ्यात ८ चौकटी (फ्रेम). जेमतेम मिनिटभरात खेळ खल्लास! कॅमेरा एका जागी रोवलेला. मिरवणूक घ्यावी तर निम्मी चौकटीबाहेर. कुस्तीतले गडी मात्र फिरून फिरून तिथेच, आणि ऊन फुकटचं. मूळचा फोटोग्राफर माणूस, हे हिशेब त्याला सांगायला नकोत. फिल्म धुवायला विलायतेला जायची. बोट परत येईपर्यंत फोकस लागलाय की नाही, देव जाणे.

माईची_लेक: रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेल्या, परांजप्यांना विसरू नका हं! केंब्रिजहून डिसेंबर १९०१ मध्ये ते मुंबईत परतले, त्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. मला तर कुस्तीपेक्षा तेच मोठं वाटतं.

जुना_निगेटिव्ह: ताई, पटलं. पैलवानांना 'पुन्हा एकदा धरा' म्हणता येतं, बोटीवरून उतरलेल्या रँग्लरला नाही. बातमीपट तिथून सुरू होतो.

गिरगावकर_७१: काका, कॅमेरा २१ गिनींना घेतला म्हणतात. म्हणजे किती हो?

जुना_निगेटिव्ह: १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला, त्याने झपाटून इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून मागवलेला तो. गिनी म्हणजे १ पौंड १ शिलिंग. पौंडाला १५ रुपये धरा, ३३० रुपयांच्या आसपास जातं. बोटीचं भाडं वेगळं.