सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्यात मुलांना पोहायला न्यायचं कुठे?

रिचमंडकर: आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत रिचमंड भागात राहतो. जुलै आहे, मुलांना सुट्टी आहे आणि भरदुपारी अंगात स्वेटर. मुलगी 9 वर्षांची, तिला थोडंफार पोहता येतं. धाकटा 5 वर्षांचा, पाण्याला बुजतो. परवा ओशन बीचवर नुसते पाय भिजवायला गेलो तर त्याचे ओठ निळे पडले. माझं बालपण कऱ्हाडचं, मे महिना सगळा विहिरीत जायचा. मुलांना त्यातलं थोडं तरी मिळावं असं फार वाटतं. गाडी फक्त शनिवार-रविवारी हाताशी असते.

सनसेटवाला: तुमच्या जवळ रॉसी पूल हा पोहण्याचा तलाव आहे, पालिकेचा, छताखालचा. धाकट्याला तिथेच शिकवा. हॅमिल्टन पूलला घसरगुंडी आहे, मोठी खूश होईल. उघड्यावरचा पालिकेचा पूल शहरात एकच, मिशन भागातला. मिशनमध्ये धुकं कमी, तेव्हा तिथे ऊन मिळायची शक्यता जास्त. शिकवणीच्या जागा मात्र पटकन भरतात.

ईस्ट बे आजी: ताई, आधी एक सांगते. ओशन बीचवर मुलांना गुडघ्यापुढे जाऊ देऊ नका. तिथली ओढ माणसाला आत खेचते, चांगले पोहणारेही बुडालेत.

आता ऊन. धुकं बघून घरी बसू नका. आतल्या खोऱ्यात हवा तापून वर जाते, म्हणून समुद्रावरची गार हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते. म्हणजे तुमच्याकडे धुकं दाट असतं तेव्हा टेकड्यांपलीकडे बहुधा कडक ऊन असतं. प्लेझंटनला शॅडो क्लिफ्स आहे, जुन्या खडीच्या खाणीत झालेलं तळं. मोसमात लाइफगार्ड असतात. निघताना उद्यानाची सूचना वाचा, कारण आपल्या भागातल्या तळ्यांत उन्हाळ्यात विषारी शेवाळ वाढतं आणि मग पोहणं बंद ठेवतात.

पण बुजऱ्या मुलासाठी माझी जागा अलामेडाचा क्राउन बीच. बरंच आत गेलं तरी पाणी कमरेच्या खालीच. मात्र भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला नुसता चिखल दिसतो, तोच उन्हात तापतो आणि त्यावर भरती चढली की पाणी कोमट लागतं. दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून सकाळी उशिराची भरती असेल तो दिवस धरा. लाइफगार्ड नसतो, तुम्ही स्वतः पाण्यात उभ्या राहा. माझा नातू असाच बुजायचा. त्याला पोहायला लावलंच नाही, दोन रविवार फक्त बादलीने पाणी आणायला लावलं. तिसऱ्या रविवारी बादली काठावर राहिली.

सनसेटवाला: टोमॅलिस बेचा हार्ट्स डिझायर बीचही लक्षात ठेवा. लांब आहे, पण टेकडीच्या आडोशाला, लाटा जवळजवळ नाहीतच.

रिचमंडकर: आजी, रविवारी भरती सकाळी 11 च्या सुमारास आहे, बघितलं. क्राउन बीचला जातोय. दोन बादल्या घेतल्यात, एक माझ्यासाठी.

ईस्ट बे आजी: थर्मासमधून गरम दूध न्या. बाहेर आल्यावर आधी डोकं पुसा, मग खाऊ.