ब विंग : नाईकांचे आजारपण आणि लिफ्टचा प्रश्न

सुनीता नाईक, ब-२०३ : सर्वांना नमस्कार. आज सकाळी मला पाहून दोघेजण लिफ्टमधून बाहेर पडले, म्हणून मीच लिहिते. चवथीच्या आधीपासून ह्यांची मान दुखत होती आणि एका बाजूला सूज होती. ती लाल नव्हती, हाताला गरमही लागत नव्हती, त्यामुळे अडीच महिने आम्ही साध्या अँटिबायोटिकवर काढले. शेवटी पेजेचा घोटसुद्धा घशात अडकू लागला, तेव्हा सीटी स्कॅन केला आणि मानेच्या मणक्याला क्षय होऊन घशामागे पू साठल्याचे निघाले.

गावकर, ब-३०१ : वहिनी, वाईट वाटले. तथापि लिफ्ट एकच आहे आणि माझ्या घरी चार वर्षांची नात आहे. नाईकांनी काही दिवस जिना वापरावा, ही विनंती.

डॉ. कामत, अ-१०२ : गावकरबाब, मणक्याचा क्षय श्वासातून पसरत नाही. फुफ्फुसातही क्षय असेल, तरच खोकल्यातून धोका असतो. सुनीताताई, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली का?

सुनीता नाईक : दोन्ही झाल्या. दोन्हींत काही निघाले नाही.

गावकर : तरीही लिफ्ट एकच आहे.

शिरोडकर, अ-२०१ : माझ्या थोरल्या भावाच्या मानेवरचे असेच गळू एका दवाखान्यात सरळ चिरले आणि पू तपासणीला न पाठवता टाकून दिला. पुढे आठ महिने जखम भरली नाही. रोज संध्याकाळी शर्टाची कॉलर पिवळी होऊन कडक झालेली असायची. नाईकांचा पू तपासला का?

डॉ. कामत : हाच खरा प्रश्न आहे. असे थंड गळू, म्हणजे लाल किंवा गरम न होणारे क्षयाचे गळू, शक्यतो चिरू नये. जाड सुईने, निरोगी त्वचेतून पू काढावा आणि तो सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) व कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) या दोन्हींसाठी पाठवावा. सीबीनॅटमध्ये जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला होणारा त्याचा प्रतिकार सुमारे २ तासांत कळतो, कल्चरला मात्र काही आठवडे लागतात. अहवाल निगेटिव्ह आला म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. साखर आणि एचआयव्हीही तपासावेत. श्वास अडू लागला किंवा मज्जारज्जूवर दाब आला, तर मात्र शस्त्रक्रियेला थांबता येत नाही.

सुनीता नाईक : सीबीनॅट पॉझिटिव्ह आहे, प्रतिकार नाही. पहिले २ महिने चार औषधे आणि नंतर तीन, असे एकूण वर्षभर तरी चालेल, असे सांगितले आहे. गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात.

गावकर : माझा मुद्दा लिफ्टचा होता.

मेस्ता, ब-१०४ : गावकरबाब, टाकीच्या वेळीही आपण असेच एक वाक्य धरून बसला होता. माणूस आजारी आहे, याचे तरी भान ठेवा.

प्रभुदेसाई, सचिव : टाकीचा विषय येथे नको. लिफ्ट सर्वांची आहे, नाईकांचीही. ताई, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा जाणवला, तर रात्री-अपरात्री मला हाक मारा. गाडी काढून लगेच बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) नेऊ.

सुनीता नाईक : उपकार झाले. मानेला पट्टा असल्याने ह्यांना खालची पायरी दिसत नाही, म्हणून जिना जमत नाही. उद्या ९ वाजता बांबोळीला निघायचे आहे.

गावकर : ९ वाजता मी नातीला घेऊन जिन्याने उतरेन. लिफ्ट मोकळी असेल.