मुलगी झालेल्या रान्माची जोडी सारखी र्‍योगाशीच का?

शाईपेन:
'रान्मा १/२'चा नवा अॅनिमे (जपानी कार्टून मालिका) २०२४ मध्ये आला. तो बघून मूळ मांगा (जपानी चित्रकथा) परत वाचायला घेतला आणि तिथून फॅनफिकमध्ये, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांमध्ये, शिरले. नायक रान्माला शापच असा: गार पाणी पडलं की मुलगी, गरम पडलं की परत मुलगा, आणि दोन्ही रूपांच्या मागे लागलेल्यांची ही रांग! जोडी जमवायला माणसांची वाण नाही. तरी रान्मा कायमची मुलगी झाली अशी कथा उघडली की बहुतेक वेळा समोर तिचा जुना वैरी र्‍योगा उभा. नाहीतर बालमैत्रीण उक्यो, नाहीतर जिच्याशी लग्न ठरलंय ती आकानेच. शाळेतला कुनो मात्र जवळजवळ कधीच नाही. मुलगी-रान्मावर, म्हणजे त्याच्या लेखी त्या वेणीवाल्या मुलीवर, तो उघडउघड जीव टाकतो, मग तोच सगळ्यात सोपा नाही का? लिहिणाऱ्यांना नक्की काय हवं असतं?

भरतवाक्य:
उत्तर साधं आहे. मुलगी केली की मुलगा-मुलगी अशी रूढ जोडी होते, वाचक बिचकत नाहीत. र्‍योगा देखणा आहे, हळवा आहे, भांडणं आधीपासून आहेत. झालं काम.

दुपारची_गाडी:
भरतवाक्य, तसं असतं तर कुनो चालला असता. तो नुसता नापसंत आहे म्हणून वगळतात असंही नाही. कुनोला वेणीवाली मुलगी हवी आणि रान्मा डोळ्यांसमोर नको. त्याची बहीण कोदाची बरोबर उलटी: तिला रान्मा हवा, ती मुलगी नको. दोघांपैकी कोणालाच हे एकच माणूस आहे हे डोक्यात शिरत नाही. मूळ लेखिका ताकाहाशींनी ही भावंडं विनोदासाठी उभी केली, पण फॅनफिक लिहायला बसलं की कळतं की यांच्याशी जोडी लावली तर नायकाला निम्मं आयुष्य लपवावं लागणार. मी स्वतः लिहिते, म्हणून सांगते: असा जोडीदार घेतला की प्रत्येक प्रसंग पाण्यापासून पळण्याचा होतो. प्रेमाला जागाच उरत नाही.

आता र्‍योगा बघा. तो जुसेन्क्योच्या शापित झऱ्यात पडला तो रान्माच्याच धक्क्याने. तिथल्याच शापाने पांडा झालेल्या आपल्या बापाच्या मागे मुलगी-रान्मा धावत होती आणि हा वाटेत आला. तेव्हापासून गार पाणी लागलं की त्याचं डुकराचं पिल्लू होतं. म्हणजे शरीर आपलं ऐकत नाही ही लाज त्याला आतून माहीत आहे. शिवाय तो रान्माला मुलगा म्हणून शाळेपासून ओळखतो, त्याच्याशी मार खाऊन आणि मार देऊन. हे वैर म्हणजे अखंड लक्षच. रान्माची चाल, खोड, राग कसा येतो, सगळं त्याला पाठ. अशा माणसासमोर रूप बदललं तरी आपण कोण आहोत हे पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

उक्योचंही तेच. लहानपणी रान्मा तिला मुलगाच समजत होता आणि पुढे ती मुलाच्या वेषातच वावरत होती. लोक आपल्याकडे बघून भलतंच काही समजतात, हा अनुभव तिच्या गाठीशी आहे.

शाईपेन:
हे पटलं. पण कायमची मुलगी हा धागा मूळ कथेत तरी आहे का, की चाहत्यांनीच काढला?

दुपारची_गाडी:
आहे! हर्ब नावाच्या शत्रूच्या प्रकरणात. त्याच्याकडे एक जादूचं भांडं असतं. त्यातलं पाणी पडलं की शापाचं रूप पक्कं होतं, मग गरम पाणीही चालत नाही. रान्मा मुलगीच राहते आणि सुटका करणाऱ्या दुसऱ्या भांड्याच्या शोधात निघते. तेव्हा सोबत कोण? र्‍योगा आणि रान्माचा आणखी एक प्रतिस्पर्धी मूस. कथा तिथून परत फिरते, म्हणून चाहते पुढचं लिहितात. परत फिरताच आलं नाही तर त्या प्रवासात काय बदललं असतं, हा प्रश्न ताकाहाशींनीच उघडा ठेवला आहे.

भरतवाक्य:
मान्य, माझं उत्तर तोकडं होतं. पण मग पुराणात असं का नाही? इला आणि बुधाची गोष्ट घ्या. रामायणाच्या उत्तरकांडात इल राजा एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. बुध तिच्या स्त्रीरूपाशीच रमतो आणि त्यांना पुरूरवा हा मुलगा होतो. तिथे कुठे दोन्ही ओळखणारा जोडीदार लागला?

दुपारची_गाडी:
कारण इलाला एका महिन्यातलं दुसऱ्या महिन्यात आठवतच नाही! बुधाला सत्य ठाऊक असतं, पण ते वाटून घ्यायला समोर कोणी नसतं. रान्माला मात्र सगळं आठवतं. सकाळी मुलगा म्हणून केलेलं भांडण दुपारी मुलगी असतानाही डोक्यात तसंच असतं. म्हणून तिच्याजवळचं माणूसही दोन्हीची आठवण ठेवणारं लागतं. आजचे कितीतरी लेखक हे लिंगओळखीच्या स्वतःच्या प्रश्नांतून लिहितात, आणि त्यांना हेच हवं असतं: मी बदलले हे माहीत असूनही जो मला अनोळखी समजत नाही.

आईचं प्रकरण आठवा. नोदोकाला रान्मा भेटतो तो रान्को नावाच्या मुलीच्या रूपात, कारण मुलगा 'पुरुषांतला पुरुष' झाला नाही तर बापलेकांनी मरायचं असं वचन बापाने देऊन ठेवलंय. समोर आई बसलीय आणि मी तुझाच मुलगा हे बोलता येत नाही. माझ्या मते सगळ्या मांग्यात सर्वांत दुखरी जागा ती आहे. जोडीदार निवडताना आपण लेखक तीच जागा भरून काढत असतो.

शाईपेन:
मग आकाने? ती तर दोन्ही ओळखते.

दुपारची_गाडी:
आकाने तर सगळ्यात आधी. रोज सकाळी मुलांच्या झुंडीशी मारामारी करून वैतागलेली ती, पाहुणी मुलगी आहे म्हटल्यावर सुटकेचा श्वास टाकते, मैत्री करूया म्हणते. मग न्हाणीघरात तीच मुलगी मुलगा होऊन समोर येते. म्हणजे तिला आधी आवडली ती मुलगी. त्या दोघींच्या जोडीवर लिहिलेलं बरंच वाचलंय मी, आणि त्यातलं चांगलं लिखाण त्या पहिल्या मैत्रीपाशीच परत जातं. तू आकानेपासून सुरुवात कर, र्‍योगा नंतर वाच.