इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहावेत की नाही?

पाटी-पेन्सिल: शब्दार्थाच्या पुस्तकांत इंग्रजी शब्दापुढे मराठीत उच्चार छापतात. बरेच शिक्षक म्हणतात, हे बंद करा, मुलांच्या तोंडी चुकीचे उच्चार बसतात. मला हे पटत नाही. खोट देवनागरीत नाही, लिहिणाऱ्यात आहे. तो उच्चार लिहीतच नाही, स्पेलिंग उतरवून मोकळा होतो. 'कंफर्टेबल' हे स्पेलिंग झालं. उच्चार 'कम्फ्टबल', तीनच अवयव (सिलेबल). 'व्हेजिटेबल' नाही, 'व्हेज्टबल'. नळदुरुस्तीवाला 'प्लमर', मधला 'ब' गायब. पुरणे या अर्थाचा शब्द 'बेरी', 'बरी' नव्हे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणारा स्वर म्हणजे दबका, तोकडा 'अ'. रोमन लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर नाही, आपल्याकडे पहिलंच अक्षर त्याच्या जवळचं आहे.

मृदुला_क: आणि जोराचं काय? फोटोग्राफ, फोटोग्राफी, फोटोग्राफिक. पहिल्यात जोर 'फो'वर, दुसऱ्यात 'टॉ'वर, तिसऱ्यात 'ग्रॅ'वर. जोर सरकला की आजूबाजूचे स्वर पडतात: फोटग्राफ, फटॉग्रफी, फोटग्रॅफिक. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्षच देत नाही. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर आणि सुरुवात 'रि'. छापील 'रेकॉर्ड'मध्ये यातलं काय दिसतं?

पाटी-पेन्सिल: अहो मृदुलाताई, 'फटॉग्रफी' तुम्ही आत्ता देवनागरीतच लिहून दाखवलंत की! जोराच्या अवयवाआधी एक खूण टाका, फ'टॉग्रफी. इंग्रजी शब्दकोशही उच्चार देताना हेच करतात.

सखाराम_उ: भूतकाळाच्या 'ईडी'पुरतं तर मराठी व्याकरण शिकलेला मुलगा पुढेच असतो. धातूच्या शेवटी अघोष, म्हणजे गळ्यात कंप नसलेला ध्वनी (क, प, स, श, च, फ) असेल तर 'ट': वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. घोष, म्हणजे कंप असलेला ध्वनी किंवा स्वर असेल तर 'ड': प्लेड, कॉल्ड. शेवटी ट किंवा ड असेल तरच 'इड': वॉन्टिड, नीडिड. आपण 'वॉक्ड' म्हणतो कारण डोळ्यांना 'डी' दिसतो. शेवटी काय ऐकू येतं ते बघा, काय लिहिलंय ते नको. 'नेकिड', 'विकिड' ही विशेषणं मात्र या नियमात बसत नाहीत, ती तशीच पाठ करायची.

मृदुला_क: हा नियम मान्य. पण जो ध्वनी मराठीत नाहीच, तिथे लिपी हात वर करते. रोमचा 'सीझर' आणि फेफऱ्याचा झटका या अर्थाचा 'सीझर' देवनागरीत अगदी एकसारखे. उच्चार वेगळे आहेत. गळ्यावर बोट ठेवून लांब 'सऽऽ' म्हणा आणि श्वास न तोडता गळ्यात कंप सुरू करा, तो रोमच्या सीझरमधला ध्वनी. तेच 'शऽऽ'पासून केलं की झटक्यातला. 'मेझर', 'प्लेझर'मध्येही हाच दुसरा. आपण सगळीकडे एकच 'झ' ठोकतो.

निखिल_पी: फोनवर शब्दकोशाचं ॲप आहे, स्पीकरचं बटण दाबा. एवढा खल कशाला?

मृदुला_क: ऐकून कळलं असतं तर प्रश्नच नव्हता. 'व्हेट' आणि 'वेट' दहादा ऐकवलं तरी अनेकांना एकच वाटतं, कारण मराठीत हा भेद अर्थ बदलत नाही. आधी तोंडाने करावं लागतं. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा घासत सोडायची. दुसऱ्यात दात लांब, ओठ 'ऊ'सारखे गोल, तिथून 'ऊ-एट' करत झटकन उघडायचे. आणि पाटी-पेन्सिल, तुमचं 'व्ह' इथेच फसवतं. वाचणारा व अधिक ह म्हणतो, दात ओठाला लागतच नाहीत.

पाटी-पेन्सिल: तरी मराठीत 'व्हॅन' आणि 'वॉटर' वेगळं लिहायची रूढी आहे. हिंदीत दोन्हीकडे 'व'च. वेगळेपणाची खूण हाताशी आहे, दात कुठे टेकवायचे ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकदा छापा.

सखाराम_उ: त्याच पानावर 'प'ही घ्या. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या जोरदार अवयवात 'प, ट, क' हवेच्या झोताने येतात. आपला कोरडा 'पिन' इंग्रजाला 'बिन' ऐकू येऊ शकतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा, 'पिन'ला ती हलली पाहिजे. 'स्पिन'ला जवळजवळ हलायला नको, कारण 'स'च्या मागे तो झोत नसतो. आणि तो झोत दाखवायला 'फिन' छापू नका, पोरं माशाचा पर वाचतील.