मिसळ खाल्ली की अर्ध्या तासात शौचाला, ती पचतच नाही का?

पंचवटीकर:
रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली की घर गाठेपर्यंत पोटात कळ येते. दुपारी आडवं झालं की छातीत जळजळ, संध्याकाळी गॅस. घरचे म्हणतात, खाल्ली तशी बाहेर पडते. खरंच?

शरीरक्रिया:
नाही. बाहेर पडतं ते कालपरवाचं. जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला चालना मिळते आणि तिथे आधीच साठलेला मळ पुढे सरकतो. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात. सकाळी तो जोरात असतो, त्यात तेलकट जेवण आणि वर चहा. तुमची मिसळ तेव्हा जठरातच असते. तिथून निघायला तिला 2 ते 4 तास, पुढे सुमारे 6 मीटर लहान आतडं, आणि मोठ्या आतड्यात एक-दोन दिवस सहज जातात.

जळजळीचं गणित वेगळं. तर्रीतलं तेल ग्रहणीत (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात) पोचलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं. त्याने पित्ताशय आवळून पित्त सोडतं, स्वादुपिंड विकरं (अन्न तोडणारी एन्झाइम्स) सोडतं आणि जठराचा वेग मंदावतो. म्हणजे अन्न रेंगाळतं. वर अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते (झडप कसली, स्नायूचं कडंच ते). अशात आडवं झालात की आम्ल वर चढणारच. तीन तास बसते-फिरते राहा. पडायचंच तर डाव्या कुशीवर, म्हणजे जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या खाली राहतो.

मोडाची_मटकी:
गॅस तिखटाचा नाही, मटकीचा. तिच्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही करतात. म्हणून सकाळच्या मिसळीचा गॅस दुपारनंतर. घरी करताना मटकी 8-10 तास भिजवून ते पाणी फेका, मोड चांगले येऊ द्या. मोड फुटताना दाणा याच शर्करा खर्च करतो.

पंचवटीकर:
बरं, मग वरून सोडा पितो आणि पॅन्टोप्रॅझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेतो, त्याचं काय?

शरीरक्रिया:
सोड्याने जठर फुगतं, ढेकरेसरशी झडप उघडते आणि आम्लही वर येतं. बरं वाटतं ते तेवढ्यापुरतं. पॅन्टोप्रॅझोल जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जठरातले आम्ल सोडणारे पंप जेवणाने चालू होतात आणि औषध चालू पंपांनाच धरतं. मिसळ हाणल्यावर घेतलेल्या गोळीचा बराचसा उपयोग जातो. लगेच उतार हवा असेल तर पातळ अँटासिड. आणि गोळी मनाने रोज चालू ठेवू नका, दोन आठवड्यांत फरक नसेल तर तपासून घ्या.

सोनोग्राफीवाला:
दुखणं नेमकं कुठे ते बघा. उजव्या बरगडीखाली चढत जाऊन उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जात असेल तर पित्ताशयातल्या खड्यांचा संशय. छातीत दाबल्यासारखं, घाम, डावा हात भरून येणं हे असेल तर ॲसिडिटी म्हणत बसू नका, आधी ईसीजी. डांबरासारखा काळा शौच, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं यांना एंडोस्कोपी लागते.

खड्यांसाठीच्या सोनोग्राफीला 6 ते 8 तास उपाशी या. पित्ताशय भरलेलं असेल तरच खडे नीट दिसतात. लोक "फक्त अर्धा कप चहा" घेऊन येतात. वर सांगितलंय तेच संप्रेरक दुधातल्या स्निग्धांशानेही सुटतं, पित्ताशय आक्रसतं, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागतं.