कीथ जॅरेटचा ‘सेटिंग स्टँडर्ड्‌स’ : तीन सीडींचा संच घ्यावा का?

खर्जातला
ईसीएम या रेकॉर्ड कंपनीने २००८ साली जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटचे तीन जुने अल्बम एका संचात काढले: स्टँडर्ड्‌स भाग १, भाग २ आणि चेंजेस. साथीला बासवर गॅरी पीकॉक, ड्रम्सवर जॅक डिजॉनेट. तिन्हींचं रेकॉर्डिंग जानेवारी १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत एकाच मुक्कामात झालं, बाजारात मात्र ते सुटे सुटे, ८५ पर्यंत येत राहिले. माझं मत स्पष्ट आहे. जॅरेट ऐकायचा तर हा संच घ्या. ‘कोलोन कॉन्सर्ट’ या एकट्याने वाजवलेल्या मैफिलीच्या अल्बममुळे ज्याची ओळख ‘एकटा बसून मनातलं वाजवणारा’ अशी झाली होती, तो ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आणि जुन्या सिनेमांतली घासून गुळगुळीत झालेली गाणी (जॅझवाले त्यांनाच ‘स्टँडर्ड्‌स’ म्हणतात) का उचलतो, हे तिन्ही सलग ऐकल्यावरच कळतं.

आडताल
नावात स्टँडर्ड्‌स आणि तिसऱ्या सीडीत एकही नाही! ‘फ्लाइंग’चे दोन भाग आणि ‘प्रिझम’, सगळं घरचंच. भाग २ उघडतो तोही जॅरेटच्याच ‘सो टेंडर’ने. म्हणजे खरी स्टँडर्ड्‌स मोजून दहा. पैसे तीन सीडींचे.

खर्जातला
अहो, पण ‘फ्लाइंग’ काढून टाकलं तर गंमतच जाईल. अर्धा तास काहीही न ठरवता वाजवणारे तेच तिघे ‘ऑल द थिंग्ज यू आर’च्या छत्तीस मात्रांच्या चौकटीत कसे मोकळे राहतात, ते शेजारी ठेवूनच दिसतं.

कोमल_निषाद
छत्तीस मात्रा नव्हे, छत्तीस बार. दर बारला चार मात्रा.
मुद्दा पटला, पण पुढे एक अडचण आहे. अमेरिकन श्रोत्याला ही गाणी तोंडपाठ असतात. जॅरेट सूर लपवतो, वळवतो, मधेच नुसती चाहूल देतो, तेव्हा त्याला मूळ गाणं ऐकू येत असतं. आपल्यातल्या बहुतेकांना नाही. बंदिशच माहीत नसेल तर बढत कशाची चाललीय हे कसं कळणार? आधी गायिका बिली हॉलिडेचं १९४१ चं ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ ऐका, मग या त्रिकुटाचं पंधरा मिनिटांचं. डिजॉनेटने त्याला चर्चमधल्या गाण्यासारखा जो ठेका दिलाय, त्याचं धाडस तेव्हा कळेल.

आडताल
इतका अभ्यास करायचा तर भाग १ एकटा पुरे. पाच गाणी, सगळी दुसऱ्यांची. संच म्हणजे कंपनीने जुनाच माल नव्या खोक्यात भरला.

गच्चीवर
आणि वाजवताना जॅरेटचं ते कण्हणं? पियानोपेक्षा याचा घसाच जास्त वाजतो. ‘इट नेव्हर एंटर्ड माय माइंड’ इतकं हळुवार चाललेलं असताना मधेच हा ओरडतो. हेडफोनवर तर असह्य.

कोमल_निषाद
तो आवाज आधीपासून आहे, या रेकॉर्डिंगपुरता नाही. मला तर त्यावरून पुढची तान कुठे जाणार याचा अंदाज येतो.

गच्चीवर
तुम्हाला येतो. मला डोकेदुखी येते.

खर्जातला
मग स्पीकरवर ऐका आणि सुरुवात भाग २ च्या ‘आय फॉल इन लव्ह टू ईझिली’पासून करा. जेमतेम पाच मिनिटांचं आहे, पीकॉकचा बास त्यात नीट ऐकू येतो. तरी नाही आवडलं तर आडतालांच्या बाजूने एक मत वाढलं समजू.